आमच्या ह्यांचा कोपरा

मॅनेजरबाई मला म्हणाल्या, "आय ॲम इन युवर कॉर्नर," आणि मला फिस्सकन हसू आलं. वेळ हसण्याची नव्हती. मालक मंडळी हॉटेलची कापडखोली बंद करायला निघाली होती, त्या खोलीत फाटलेल्या चादरी आणि टॉवेल दुरुस्त करणारी मी एकटी, आणि बाई बिचाऱ्या धीर द्यायला खाली आल्या होत्या. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी तुमच्या बाजूने आहे असं सांगतेय. यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही हो बाई," मी म्हटलं. "आमचे हे खरोखरच त्या कोपऱ्यात असतात."

बाईंना वाटलं मी त्यांची थट्टा करतेय. त्या कपाळाला आठ्या घालून वर निघून गेल्या. ती कापडखोली अजून चालू आहे आणि मी अजून तिथेच मशीनवर बसते, त्यामुळे आता निवांत सांगायला हरकत नाही. हे इंग्रजी वाक्य कुठून आलं ते मला पुस्तक न उघडता माहीत आहे, कारण त्याने माझ्या संसाराला भोक पाडलं होतं.

बॉक्सिंगची रिंग चौकोनी असते. समोरासमोरचे दोन कोपरे दोन गड्यांचे. घंटा झाली की मध्ये येऊन एकमेकांना बडवायचं, परत घंटा झाली की आपापल्या कोपऱ्यात जायचं. तिथे एक मिनिट विसावा. त्या मिनिटात एक माणूस दोरांमधून आत शिरतो, स्टूल ठेवतो, पाणी पाजतो, रक्त थांबवतो, सुजेवर बर्फ दाबतो आणि कानाशी दोन शब्द बोलतो. घंटेच्या आत स्टूल ओढून बाहेर. तो कोपऱ्यातला माणूस. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तेवढंच उचललं आणि जो तो एकमेकाला सांगत सुटला, मी तुझ्या कोपऱ्यात आहे. आपण म्हणतो, मी तुझ्या पाठीशी आहे. पाठीशी असणं त्या मानाने सोपं. मागे कोणी उभं आहे की चहा प्यायला सटकलं आहे, हे पुढच्याला दिसत नाही. कोपऱ्यातल्या माणसाला मात्र समोर येऊन गुडघ्यावर बसावं लागतं आणि त्याच्या बाह्यांना दुसऱ्याचं रक्त लागतं. त्या बाह्या धुवायचं काम माझ्याकडे, म्हणून मी हे छातीठोक सांगू शकते.

आमचे हे बर्फाच्या कारखान्यात कामाला. लाद्या साच्यातून काढायच्या, आकड्याने ओढायच्या, गाडीत चढवायच्या. तिथे त्यांना सगळे बर्फ्या म्हणतात. नाव कामावरून पडलं असं ते सांगतात. मला विचाराल तर स्वभावावरून पडलं. तोंडात कायम मिठाची गुळणी. मी सकाळपासून बोलत असते, ते "हं" म्हणतात. भाजीत मीठ जास्त झालं तर "हं", कमी झालं तरी "हं". माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, भावजी देवमाणूस आहेत, एका शब्दाने दुखवत नाहीत." अगं, एक शब्द यायला तर हवा ना!

आणि हाच माणूस संध्याकाळी बादली उचलून बॉक्सिंगच्या तालमीच्या हॉलवर गेला की बोलतो म्हणे. मी ऐकलं होतं कारखान्यातल्या लोकांकडून. "वहिनी, बर्फ्या कोपऱ्यात काय बोलतो हो! त्या डावऱ्याला त्यानेच तर उभं केलं." माझा तिळपापड व्हायचा.

डावऱ्या म्हणजे ह्यांचा लाडका गडी. डाव्या हाताने मारतो म्हणून डावऱ्या. चांगला दाढीमिशांचा बाप्या, नाक दोनदा मोडलेलं, डोकं तुळतुळीत. आता मला सांगा, सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, लोकांनीही माझी बाजू घेतली असती. या टकल्याच्या झिंज्या कुठून आणू? आणि कुणाला सांगू, की मी एका घामट पुरुषावर जळते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. तोही बॉक्सिंगवाल्याच्या घरात.

जळायला रोज नवं लाकूड मिळत होतं. डावऱ्याची डावी भुवई चटकन फुटते, हे ह्यांना पाठ. माझा चष्मा बदलला हे कळायला ह्यांना पुढचा ऋतू लागला. डावऱ्याचं वजन वाढलं की हे रात्री कूस बदलत राहायचे. मी पुढच्या खोलीत कपाट एकटीने सरकवलं, तर म्हणाले, "हं, जागा झाली." तालमीला न्यायचे टॉवेलही माझेच. हॉटेलने टाकून दिलेले, पण कडा सुटलेल्या असायच्या, त्या मी दुमडून शिवून द्यायची. म्हणजे डावऱ्याचा घामही माझ्याच शिवणीने पुसला जायचा.

पण सगळ्यांत वर्मी लागली ती सुई. एका संध्याकाळी घरच्या मशीनवर तसाच एक टॉवेल शिवत होते आणि सुई माझ्या बोटातून आरपार गेली. नखातून शिरली, खालून निघाली. मी चाक हाताने उलटं फिरवलं, सुई वर घेतली आणि बोट मोकळं केलं. हे दारात बादली घेऊन उभे, निघायच्या घाईत. बघितलं आणि म्हणाले, "बर्फ लाव." मी बादलीकडे हात नेला. तर म्हणतात कसे, "यातला नको, तो डावऱ्याचा आहे. फ्रिजमधला घे."

ऐकलंत? बोट माझं, टॉवेल माझा, नवरा माझा, आणि बर्फ डावऱ्याचा!

त्या दिवसापासून माझ्या मनाने एकच धरलं. मला साडी-दागिना नको होता, फिरायला जाणं नको होतं. मला ते एक मिनिट हवं होतं. हा माणूस गुडघ्यावर बसून डावऱ्याच्या तोंडाकडे बघत जे काही बोलतो, ते एकदा, एकदाच, माझ्याकडे बघून बोलायला हवं होतं. आणि ते मिळणार नसेल तर निदान तो तिथे काय बोलतो ते मला कळायला हवं होतं.

तशात कापडखोलीचं निघालं. मालकांनी सांगितलं, सोमवारी वरच्या हॉलमध्ये या, तुमची खोली का ठेवायची ते सांगा. मी आयुष्यात कधी चार माणसांसमोर उभी राहून बोललेली नाही. घरी ह्यांच्यासमोर बोलते ते भिंतीशी बोलण्यासारखं, त्याची गणती नाही. मी ह्यांना विचारलं, "अहो, मालकांसमोर मी काय बोलू?"

हे बादली घासत होते. "बघ," म्हणाले.

"बघ काय? डावऱ्याला असंच सांगता का, बघ?"

"त्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

"त्याची शनिवारी लढत आहे," म्हणाले आणि बादलीचा तळ घासू लागले. माझी लढत सोमवारी होती, पण ती बादलीत कुठे मावणार!

शनिवारी मी ठरवलंच. बहिणीला बरोबर घेतलं आणि गेले हॉलवर. ह्यांना सांगितलंही नाही. जागा मिळाली ती ह्यांच्या कोपऱ्याच्या बाजूची, पण मागची. हॉलमध्ये इतका गोंगाट की शेजारच्या बहिणीचं मला ऐकू येईना. पहिली फेरी झाली, घंटा वाजली, आणि मी माझा नवरा पाहिला. घरी खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावणारा हा माणूस मांजरासारखा दोरांमधून आत गेला. स्टूल, पाणी, बर्फ, भुवईला मलम. डावऱ्याच्या मानेवर हात ठेवला. आणि बोलू लागला. ओठ नुसते लाह्या फुटाव्यात तसे! एका मिनिटात ते जितकं बोलले तितकं आमच्या घरात सणासुदीलाही बोलले नसतील. डावऱ्या मान हलवत होता, शहाण्या बाळासारखा. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"ताई, रडतेस?" बहिणीने विचारलं.

"डोळ्यात काहीतरी गेलं," मी म्हटलं. गेलं होतंच. तो मानेवरचा हात गेला होता.

दर फेरीनंतर तेच. हे बोलायचे, डावऱ्या ऐकायचा, मी जळायची. पुढे पुढे डावऱ्या मार खाऊ लागला. भुवई फुटली, डोळा सुजून मिटला, आणि समोरचा त्याच मिटलेल्या बाजूने मारत राहिला. शेवटच्या मिनिटात हे फारसं बोलले नाहीत. एकच वाक्य बोलल्यासारखं वाटलं. घंटा झाली, डावऱ्या उठून गेला, पहिलाच ठोसा त्याला दिसला नाही. आणि ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून रिंगमध्ये फेकला. टॉवेल फेकला की लढत तिथेच संपते; आपला गडी हरला असं कोपऱ्यातल्या माणसाने कबूल केलं असा त्याचा अर्थ. माझ्या शिवणीची निळी कड मला लांबूनही ओळखू आली.

डावऱ्या वळला तो ह्यांच्या अंगावरच. ग्लोव्ह घातलेल्या हाताने त्याने ह्यांना छातीत ढकललं. "मी पडलो होतो का? सांगा, पडलो होतो का?" एवढं मात्र सगळ्या हॉलला ऐकू आलं. टॉवेल घेतला डावऱ्याने, गळ्यात टाकला आणि पाठ फिरवून गेला.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. गेली एकदाची ब्याद! घरी येताना मात्र हे रिकामी बादली घेऊन माझ्यापुढे चालत होते, त्यांना मी तिथे होते याचंही नवल वाटलं नव्हतं, आणि बादलीची कडी चालताना वाजत होती. घरी आल्यावर ते लढतीतलं ते छोटं घडीचं स्टूल उघडून स्वयंपाकघरात त्याच्यावर बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि तसेच बसून राहिले. माझा आनंद त्या स्टुलाशेजारी फार वेळ टिकला नाही.

रविवारी ह्यांची पाळी होती. हे कामाला गेल्यावर दाराची बेल वाजली. दारात डावऱ्या. एक डोळा वांग्यासारखा, हातात धुतलेला टॉवेल.

"वहिनी, दादा आहेत?"

"नाहीत. या आत." आत या म्हणताना माझी जीभ जड झाली, पण त्या डोळ्याकडे बघून दारातून परत लावायची छाती होईना.

तो बसला नाही. "त्यांना सांगा, मी दुसऱ्या तालमीत जातोय. आणि हा घ्या तुमचा टॉवेल."

"माझा कसा? तुमच्या दादांचा."

"तुमचाच!" तो एकदम उसळला. "सगळं तुमचंच असतं! वहिनी, राग मानू नका, पण आज बोलतोच. माणसाला एक मिनिट मिळतं. दम लागलेला असतो, डोक्यात घंटा वाजत असते, आणि हे काय सांगतात? आमची ही. आमची ही टॉवेलची कड शिवताना टोकाला घाई करत नाही, दोन टाके मागे येते, मगच धागा तोडते, तूही मारून झाल्यावर दोन पावलं मागे ये. आमची ही धागा ओवताना श्वास धरत नाही, तूही धरू नकोस. काल माझी भुवई फुटली, मी घाबरलो, तर म्हणाले, आमच्या हिच्या बोटातून सुई आरपार गेली, ओरडली नाही, चाक उलटं फिरवून बोट काढलं, आणि तू एवढ्याशा रक्ताला भितोस?"

मी भिंतीला टेकले.

"मी लग्न केलेलं नाही," डावऱ्या म्हणाला, "पण दर लढतीत तुमच्याशी माझा संसार चालू असतो. मला एकदा वाटलं होतं, दादांनी नुसतं माझ्याबद्दल बोलावं. माझ्या हाताबद्दल, माझ्या पायाबद्दल. फक्त माझ्याबद्दल. खरं सांगतो वहिनी, मी जळायचो तुमच्यावर."

"तुम्ही? माझ्यावर?"

"मग? आणि काल शेवटी काय म्हणाले माहिती आहे? कापड विरलं की ती त्याच्यावर हट्टाने शिवण घालत नाही, बाजूला ठेवते. मला कळलंच नाही. मग टॉवेल आला."

मला हसावं की त्याच्या टकलावर लाटणं घालावं कळेना. इतके दिवस आम्ही दोघं एकाच माणसासाठी एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होतो. मी त्याला बसवलं, फ्रिजमधला बर्फ काढून फडक्यात बांधून दिला. फ्रिजमधलाच दिला, तेवढा सूड मी घेतला.

"डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "अजून दोन ठोसे बसले असते तर डोळा गेला असता म्हणाले."

"मग?"

"मग काय. दादांचं बरोबर होतं. पण मला त्यांना तसं सांगायला जमणार नाही." टॉवेल टेबलावर ठेवून तो गेला.

तुम्हाला वाटेल, माझा जळफळाट तिथे संपला. छे! वाढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, इथवर ठीक. पण माझं कौतुक, माझ्या टाक्यांचं, माझ्या बोटाचं, ते सगळं त्या हॉलमध्ये वाटून झालं आणि मला घरी काय? हं! माझ्याच ताटातलं उचलून ह्यांनी डावऱ्याला जेवू घातलं होतं, आणि मी उपाशी. संध्याकाळी हे आले. मी एवढंच सांगितलं, "डावऱ्या येऊन गेला."

"डोळा?"

"उघडतोय. तुमचं बरोबर होतं म्हणाला."

"हं," हे म्हणाले, पण टेबलावरचा टॉवेल उचलून त्यांनी त्याची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. बाकीचं, अगदी दुसऱ्या तालमीचंही, मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, मीही मूग गिळून बसू शकते.

सोमवारी मला वरच्या हॉलमध्ये बोलावलं. लांब टेबल, पलीकडे मालक मंडळी, आणि माझ्या कोपऱ्यात असलेल्या मॅनेजरबाई पार दुसऱ्या टोकाला कॉफी ढवळत बसलेल्या. मालकांनी विचारलं, "फाटलेलं टाकून नवं आणता येतं, मग ही खोली कशाला?" मी काहीतरी बोलले, मध्येच अडखळले, मग सगळं एका दमात बोलले आणि काय बोलले ते मलाच कळलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. बाई चमच्याकडे पाहत होत्या. मोठे मालक म्हणाले, "जरा बाहेर थांबा, आम्ही आपापसात बोलतो. मग पुन्हा बोलावतो."

मी बाहेर आले, पाय लटपटत होते. व्हरांड्यात पहारेकरी वैतागलेला. "बाई, हे तुमचे कोण? स्टूल घेऊन आलेत. विचारलं तर बोलत नाहीत."

जिन्याजवळच्या कोपऱ्यात आमचे हे उभे होते. कारखान्याचे रबरी बूट, ओल्या बाह्या, बगलेत घडीचं स्टूल, खांद्यावर निळ्या कडेचा टॉवेल. मला बघताच त्यांनी स्टूल उघडून ठेवलं. मी बसले. त्यांनी बाटलीतून पाणी पाजलं, घोटभरच. टॉवेलने माझं कपाळ टिपलं. मग गुडघ्यावर बसले, माझ्या मानेवर हात ठेवला, बर्फासारखा गार, आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

ते मिनिट आलं होतं. माझं मिनिट. मी श्वास रोखून वाट बघत होते.

"श्वास सोड," हे म्हणाले.

मी सोडला.

"आता ऐक. डावऱ्या पहिल्या फेरीत घाबरला की..."

"मेला इथेही आला!" मी ओरडलेच. पहारेकरी दचकला.

"ऐक ना. घाबरला की सगळे ठोसे एकदम मारतो. एकही लागत नाही. तूही तेच केलं असशील. मग मी त्याला सांगतो, एकेक मार. एक मारायचा, थांबायचं, बघायचं. डावऱ्याला ते जमतं. पडला तरी उठतो तो. त्याच्यासारखा..."

कानशिलं तापली माझी. आयुष्यभर वाट बघितलेल्या मिनिटात हा माणूस माझ्या मानेवर हात ठेवून डावऱ्याचे गोडवे गात होता! आणि त्याच क्षणी मला कालचा तो सुजलेला डोळा आठवला, आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून "सगळं तुमचंच असतं" म्हणणारा. या माणसाला असंच बोलता येतं. समोरच्याला समोरच्याचं कौतुक सांगायची त्याच्याकडे सोयच नाही. तो एकाचं धैर्य दुसऱ्याला नेऊन देतो. मला रागही आला आणि पायातली लटपटही गेली, दोन्ही एकदमच.

आतून हाक आली.

"ऊठ," म्हणाले, आणि मी उठते न उठते तोच स्टूल ओढून घडी करून बगलेत.

दाराशी जाऊन मी वळून पाहिलं. हे कोपऱ्यात उभे, टॉवेल हातात घट्ट धरलेला.

"अहो, तो टॉवेल खिशात घाला," मी म्हटलं. "आतून काहीही ऐकू आलं तरी फेकायचा नाही."

त्यांनी मुकाट्याने खिशात कोंबला.

"आणि आज मी कशी बोलले ते डावऱ्याला सांगायला जाल, तर त्याच्याआधी मला सांगायचं. कळलं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता येणार "हं".

"आधी तुला," ते म्हणाले, आणि मी आत गेले.